न सरकणारा ठिपका

प्रिय बाबा,

नमस्कार. आधी हे वाचा: मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते, स्वेटरही घालते.

परवा रात्री टेकडीवर ताऱ्यांच्या रेषांचे फोटो घेत होते. कॅमेरा स्टँडवर लावला की तो अर्धा-अर्धा मिनिट उजेड साठवून एकामागून एक फोटो काढत राहतो. आमचे ड्रायव्हरकाका गाडीतून थर्मास आणायला खाली गेले, ते दीड तास झाला तरी परतले नाहीत. फोनला रेंज नव्हती. हाका मारून माझा घसा बसला.

काही सुचेना, म्हणून काढलेले फोटो पुढेमागे करून पाहिले. प्रत्येक फोटोत तारे सरकत होते, पण तळाशी एक पिवळा ठिपका जागचा हलत नव्हता. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा तो काकांच्या टॉर्चचा उजेड होता!

धडपडत घळीत उतरले. त्यांचा पाय मोडला होता, अंग गार पडलं होतं, आणि मला म्हणतात, “कॅमेरा तसाच सोडून आलात होय?” जॅकेट त्यांच्या अंगावर टाकलं, धावत जाऊन वस्तीवरची माणसं आणली. आता पाय प्लास्टरमध्ये आहे.

आईला सांगू नका, पण तो ठिपका मी त्याच्या तासभर आधीच पाहिला होता. लेन्सवरचा डाग असेल, नंतर पुसू, असं म्हणून सोडून दिला. काल दवाखान्यात काकांना हे सांगितलं. त्यांनी प्लास्टरवरची चादर सारखी केली. मग म्हणाले, “दिसला ना शेवटी?”

बाबा, तुम्ही अंधारात एकटे गच्चीवर टाकी बघायला चढता. आईला हाक मारल्याशिवाय चढू नका.

तुमची,
धाकटी