उजव्या खांद्यावरचं फूल

रोहा,
मंगळवार, पहिल्या शिफ्टनंतर

तीर्थस्वरूप ताईस,

रोह्याहून हरेशचा वाकून नमस्कार. दाजींना वेगळा नमस्कार, कारण एकाच नमस्कारात दोघांना उरकलेलं त्यांना आवडत नाही. तुझा गुडघा कसा आहे? ऋतुजानं पाठवलेलं तेल लावतेस, की देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहतेस? माझी तब्येत उत्तम. फोन असताना हरेश पत्र कशाला लिहितो, असं तुला वाटेल. तू फोन स्पीकरवर टाकतेस, आणि मग माझं बोलणं दाजी, शेजारीण आणि दारात आलेली कोळीण असे सगळे मिळून ऐकतात, म्हणून लिहितो.

ऋतुजा हॉस्टेलला गेल्यापासून मी कंपनीतून आलो की बंद टीव्हीकडे बघत बसायचो. ते पोरीनं एका सुट्टीत पाहिलं आणि जाताना लॅपटॉपवर एक खेळ घालून दिला. ह्या खेळात सगळं चौकोनी. डोंगर चौकोनी, गाई चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी. जिंकायचं-हरायचं काही नाही. माती खणायची, लाकडं तोडायची, घर बांधायचं, आणि आपापल्या घरी बसून चार माणसं एकाच जगात वावरायची. मी पहिल्याच दिवशी झकास लाकडी घर बांधलं, थंडी वाजू नये म्हणून मधोमध आग पेटवली, आणि घर गेलं. त्यात मीही गेलो. पण इथे मेलं तरी पुन्हा आपल्याच खाटेवर जाग येते. ही सोय बाहेर असती तर ऋतुजाची आई आज स्वयंपाकघरात असती आणि मी हा खेळ उघडलाही नसता. असो.

ते घर मला परत बांधून दिलं सुरभीनं. सुरभी म्हणजे ऋतुजाच्या मैत्रिणीची मावशी; त्या दोघी पोरी, ती आणि मी, असे चौघं एकाच जगात खेळतो. तुमच्या पेणमध्येच गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. दिवसभर डोळे आखून दमलेली बाई संध्याकाळी विरंगुळा म्हणून काय करते, तर खेळातल्या टेकडीवर ठोकळ्यांचा गणपती उभा करते. चौकोनी ठोकळ्यांतून तिनं पोटाची गोलाई काढली आहे, लांबून बघ, खोटं वाटेल. लग्न केलं नाही, आईचं आजारपण काढता काढता राहून गेलं. (गेल्या महिन्यात मी चष्म्यासाठी पेणला आलो होतो, आठवतं? चष्मा रोह्यातही मिळतो.)

आता फुलाकडे येतो. ह्या खेळात एक केशरी फूल आहे, पेटलेल्या पणतीसारखं दिसतं. ते रानात उगवत नाही. त्याचं बी एक अगडबंब, नाकाड प्राणी जमीन हुंगून काढतो, आणि तो प्राणीही कुठे हिंडत नाही; त्याचं अंडं समुद्राच्या तळाशी, बुडालेल्या घरांच्या वाळूत पुरलेलं असतं. मी बुडी मारली, गुदमरलो, खाटेवर जागा झालो, पुन्हा बुडी मारली. असं करत करत अंडं मिळवलं, उबवलं, पिल्लू मोठं केलं. नाव दाजी ठेवलं. दिवसभर हुंगत फिरतो आणि हाक मारली की त्याला ऐकू येत नाही. (एवढा भाग मोठ्यानं वाचू नकोस.) त्यानं शेवटी दोन बिया काढल्या, आणि मी दोन फुलं फुलवली.

ह्या फुलांचं मी काय केलं ते फक्त तुला सांगतो. आपल्या निडी गावच्या देवळात गुरव देवीला कौल लावतो ना, दोन बाजूंना दोन कळ्या चिकटवून? उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तुझ्या लग्नाच्या वेळी उजवी पडली आणि दाजी आपल्या घराण्याला लाभले. तसा मी टेकडीवरच्या बाप्पाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल लावलं. (उजवा म्हणजे बाप्पाचा उजवा, माझा नव्हे.) हात जोडले आणि मनात विचारलं, सुरभीला लग्नाचं विचारू का? पन्नाशी उलटलेल्या माणसानं हे दुसऱ्या कुणाला विचारायचं, ताई? देव निदान हसत तरी नाही. तिनं नाही म्हटलं असतं तर तो गणपती, ती टेकडी, संध्याकाळचं ते बोलणं, सगळंच गेलं असतं. म्हणून भीती वाटत होती, अजूनही वाटते.

अडचण अशी की ह्या खेळात झाडाचा बुंधा तोडला तरी शेंडा हवेत तसाच राहतो. जिथे झाड पडत नाही तिथे फूल कशाला पडेल? हे मला कितीतरी संध्याकाळी बाप्पापुढे ताटकळल्यावर कळलं. आणि काल बघतो तर उजव्या खांद्यावरचं फूल गायब, आणि बाप्पाच्या पितांबराला नवा केशरी काठ. त्या फुलाचा रंग निघतो म्हणे. रंगकाम करणारी बाई, तिला फूल दिसलं की रंगच दिसणार. मी तसाच फोन लावला आणि चांगलं खडसावलं, की दुसऱ्याची वस्तू अशी न विचारता घेऊ नये. तूही कारखान्यावरून जाशील तेव्हा तिला दोन शब्द सुनाव.

बाकी सर्व क्षेम. दाजींना गोड कमी खायला सांग.

तुझा,
हरेश

ता. क. खडसावलं हे खरं नाही. फक्त फूल कुठे गेलं एवढंच विचारलं, तेही अडखळत. त्यावर ती म्हणाली, "मी पण इकडचीच हाय. कौल मला कळत नाय व्हय? लय वाट बघितली तुमची. बाप्पा काय हात हलवीना, म्हणून उजवं मीच काढलं." तेव्हा तिला काही सुनावू नकोस. जमलं तर साडी घेऊन जा.

दुसरा ता. क. पत्र खरं ह्यासाठी. ऋतुजा रविवारी येतेय. आईच्या जागी कुणाला तरी आणतोय हे माझ्या तोंडून निघणार नाही. तू ये आणि तू सांग. मी तोवर आत मासे तळत बसेन.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. ऋतुजाचा फोन आला होता. आधी जेवलात का विचारलं, मग म्हणाली, "बाबा, डाव्या खांद्यावरचं फूल आता तिथं कशाला? मी काढून टाकते." मी काढ म्हटलं. तेव्हा ताई, तू तिला सांगावंस असं काही उरलं नाही. तरी रविवारी ये. आनंदाची माझी सवय गेली आहे, घरात कुणीतरी मोठं माणूस हवं.