ताटातली किल्ली

पिरंगुट,
१२ डिसेंबर २०२५

चि. जनार्दन यास,
हेमलताताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तू माझ्या ओवाळणीच्या ताटात गाडीची किल्ली ठेवलीस. वेळ अचूक सांगते, कारण जुईलीने त्याच क्षणी फोटो काढला आणि नातीचा फोन वेळेसकट फोटो ठेवतो. गाडीचे पैसे मी आदल्याच आठवड्यात तुझ्या खात्यात भरले होते. तरी चारचौघांत ती ओवाळणी झाली, आणि ओवाळणीत आलेल्या वस्तूचं सर्व्हिसचं पुस्तक कोणती बहीण मागते? मीही मागितलं नाही.

मीटरवर तेव्हा एक्केचाळीस हजार दोनशे सहा किलोमीटर होते. घरची गाडी, माझ्या भावजयीच्या, आशालताच्या नावावरची, पौडचा बाजार आणि लग्नकार्यं एवढंच चाललेली, असं तू म्हणालास. क्लचच्या पेडलवरचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं मी तुझ्या साहिलला दाखवलं, तर तो म्हणाला की आईच्या चपला खरखरीत आहेत. मी हसलेसुद्धा.

मागच्या रविवारी ताम्हिणीच्या उतारावर ब्रेक पार तळाला गेला. शेजारी जुईली होती. गिअर खाली घेत, हँडब्रेक ओढत गाडी एका ढाब्याच्या आवारात घुसवली. ढाबेवाल्याने पाणी दिलं आणि म्हातारीनं गाडी बरी आवरली, असं कौतुक केलं. म्हातारी या शब्दाबद्दल त्याला नंतर ऐकवलं. आधी पाण्याचा ग्लास जुईलीला दिला.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीने चेसिस नंबर घालून जुनी नोंद काढून दिली. १४ मार्च २०२५ रोजी हीच गाडी एक लाख सदतीस हजार आठशे ऐंशी किलोमीटर चाललेली होती. सात महिन्यांत ती जवळजवळ लाख किलोमीटरने तरुण झाली. हा इलाज माणसांवर चालत असता तर रांगेत पहिली मी असते.

हे साहिलचं काम दिसतं. तुला ठाऊक नसणार, असं धरून लिहिते आहे. अण्णा आणि आई गेल्यावर माझं माहेर म्हणजे तू एकटा. ते एका गाडीपायी बंद होऊ नये, म्हणून पोरग्याला विचार आणि खरं काय ते मला लिहून कळव. फोन नको. फोनवर तुझ्याकडे नेमकी रेंज जाते.

आशालतास आशीर्वाद. लोभ होता तेवढा राहू दे. त्याचा आकडा तरी मागे फिरवू नकोस.

तुझी,
हेमलताताई

&nbsp;

कोळवण,
१७ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
जनार्दनचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र पोस्टमनने सही घेऊन दिलं. शेजारचा किशोर विचारत होता, कोर्टाचा कागद आला का म्हणून. ताई, पिरंगुटहून इथं यायला तास लागत नाही. तू पोस्टात जन्म काढलास म्हणून सख्ख्या भावाला पोचपावती लावून पत्र पाठवायचं का?

मीटरचं म्हणशील तर त्यात पावसाचं पाणी गेलं होतं. बंद पडला म्हणून नवा बसवला. नव्या मीटरला कुठला तरी आकडा लागतोच. साहिलला यातलं काही विचारू नकोस. त्याच्या सोयरिकीचं चाललंय, उगाच बोभाटा नको. आणि घाटात तू ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवतेस, हे भावजीसुद्धा सांगत होते.

तरी मन भरत नसेल तर गाडी आणून लाव आणि पैसे घेऊन जा. भाऊबीजेची वस्तू परत करणारी बहीण अजून मी तरी बघितली नाही, तीही बघू.

तुला अण्णांनी पुण्याला कॉन्व्हेंटात ठेवलं. मी हितं गुरं वळली. मी कधी कुणाला जाब विचारला नाही. तू मात्र लई लवकर विचारतेस.

घरी सगळे बरे आहेत. राग सोडून संक्रांतीला ये.

तुझा,
जनार्दन

&nbsp;

पिरंगुट,
२० डिसेंबर २०२५

चि. जनार्दन यास,
आशीर्वाद. वि. वि.

नवा मीटर शून्यापासून सुरू होतो. तुझा एक्केचाळीस हजारांपासून सुरू झाला, म्हणजे तो पोटातूनच शिकून आला असणार. मेकॅनिकने तो उघडून दाखवला. मीटर गाडीबरोबर आलेला, मूळचाच आहे. पाण्याचा डाग नाही, सील मात्र फोडलेलं आहे.

माझे यजमान माझ्या गाडी चालवण्याबद्दल बोलत, हे खरं आहे. पण ते माझ्या शेजारी बसून बोलत. तू त्यांना साक्षीला बोलावतोस, कारण आता ते उलट सांगायला येऊ शकत नाहीत.

गुरांचंही खरं आहे. तू शिकायला हवं होतंस आणि अण्णांनी तुझ्यावर अन्याय केला. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं, तू ओट्यावर बसून ऐकलं होतंस. पण त्याचा वचपा जुईली बसलेल्या गाडीत काढायचा नसतो.

मला पैसे नकोत. एक ओळ हवी. मीटर साहिलने फिरवला की नाही, एवढंच लिही.

मायेत खंड नाही, विश्वासात पडला आहे.

हेमलताताई

&nbsp;

कोळवण,
२७ डिसेंबर २०२५

ती. वन्संना,
आशालताचा वाकून नमस्कार.

माझं अक्षर तुमच्यासारखं न्हाई, समजून घ्या. तुमची दोन्ही पत्रं मी वाचली. हे रानात गेले की कपाटातून काढून वाचली. पोराच्या नावावर पाप चाललंय, ते बघवंना म्हणून लिहिती.

साहिलनं काही केलं न्हाई. चपलीचं तेवढं तो बोलला, तेबी बापानं शिकवलं म्हणून. गाडी तीन वर्षं उरवड्याच्या कंपनीत भाड्यानं लावली व्हती. तिन्ही पाळ्यांच्या पोरींना आणायची, सोडायची. ड्रायवर ठेवला व्हता. घरी गाडी फकस्त धुवायला यायची. दसऱ्याच्या आधी हे स्वतः महाळुंग्याला घेऊन गेले आणि अर्ध्या तासात आकडा बदलून आणला. तुमच्या नावावर करायच्या फारमावर सही माझी हाय, तवा वाटा माझाबी हाय.

मी म्हणलं, ब्रेक तरी नवं घाला, लेकरू बसतंय. तर म्हणाले, ताई कुटं लांब जातीया. मी म्हणलं, वन्सं शिकलेल्या हायेत, कागद मागतील. त्यावर हसले आणि म्हणाले, कॉन्व्हेंटात शिकली पर भावापुढं ताई कागद वाचत न्हाई, हक्कसोडाला तरी कुटं वाचला व्हता. मी चहा गाळत व्हते. हात भाजला तरी कळलं न्हाई.

त्या हक्कसोडात काय लिवलंय ते मला ठाऊक न्हाई. पर ते हसणं बरं न्हवतं.

वन्सं, माझं नाव काढू नका. मला ह्याच घरात ऱ्हायचंय. हे पत्र चुलीत घाला. मला मात्र मनातून काढू नका.

तुमची,
आशालता

&nbsp;

पिरंगुट,
८ जानेवारी २०२६

चि. जनार्दन यास,
आशीर्वाद. ते आईने द्यायला शिकवलेले आहेत म्हणून तुला मिळतात.

परवा मी उरवड्याला गेले होते. दर कंपनीच्या फाटकापुढे गाडी उभी करत गेले. तिसऱ्या फाटकावर वॉचमन आपण होऊन पुढे आला. त्याने मला नाही, गाडीला ओळखलं. ड्रायव्हर बदलला का, पोरी किती वाजता न्यायच्या, असं त्याने विचारलं. मागच्या दारावरची खोक त्याच्याच फाटकाची आहे. तीन वर्षांचं सगळं त्याने आनंदाने सांगितलं. फाटकावर उभं राहून विचारलं की माहिती मिळते, तेव्हा घरात कुणावर डोळे वटारू नकोस.

ड्रायव्हर ठेवणारा, भाडं घेणारा तू. साहिल तेव्हा कॉलेजात होता. त्याच्यावर मी आळ घेतला, म्हणून वेगळं पत्र लिहून त्याची माफी मागितली आहे. तू मात्र माझ्या दोन पत्रांनंतरही तो आळ मुलावर राहू दिलास आणि स्वतः त्याच्या सोयरिकीआड उभा राहिलास.

गाडी परत करणार नाही. ब्रेक नवे घातले आहेत.

आता गाडीपेक्षा मोठं. आईच्या वर्षश्राद्धानंतर, २०११ च्या मे महिन्यात, तू मला पौडच्या कचेरीत नेलंस. अण्णांच्या जमिनीतलं माझं हक्कसोड फक्त नदीकाठच्या भातखाचरापुरतं आहे, असं सांगितलंस. तू बोट ठेवत गेलास, मी सह्या करत गेले. बाहेर आल्यावर तू मला हिरवी साडी घेतलीस आणि मी ती नेसून घरी आले. पोस्टात लोकांना सही करण्याआधी वाचा म्हणून ओरडणारी मी. तुझ्यापुढे वाचलं नाही, कारण वाचलं असतं तर तुझा अपमान झाला असता. गाडीच्या वेळी पुन्हा तेच केलं. माणूस एकदा चुकतो. दुसऱ्यांदा त्याची चूक कुणीतरी धरून चाललेलं असतं.

त्या दस्ताच्या नकलेसाठी मी अर्ज केला आहे. मंगळवारी, २० जानेवारीला ती मिळायची आहे. वकील अजून पाहिलेला नाही.

त्याआधी तू मला स्वतःच्या हाताने दोन गोष्टी लिहून पाठव. मीटर कुणी फिरवला, आणि त्या कागदावर माझं काय काय गेलं. सगळी जमीन गेली असेल आणि तू तसं लिहिलंस, तर माझी सही आहे तशी राहील. मी कोर्टाची पायरी चढणार नाही, पुढच्या भाऊबीजेला पाट मांडेन. जे तू लिहिणार नाहीस आणि मला नकलेत सापडेल, त्याचं पुढचं पत्र वकिलाच्या कागदावर येईल.

साहिलला पाठवू नकोस, स्वतः येऊन पायाही पडू नकोस. पायाशी वाकलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही. उत्तर लेखी हवं, तुझ्या सहीचं, आणि सोमवार, १९ जानेवारी २०२६, संध्याकाळी पाच वाजायच्या आत माझ्या हातात हवं. नक्कल मिळाल्यानंतर आलेलं पत्र मी फोडणार नाही.

हेमलता