एका गळ्याचे दोन भाऊ

दुबई सिलिकॉन ओएसिस,
शनिवार दुपार

पास्कल,

तुला आणि घरच्या सगळ्यांना माझा आशीर्वाद. दीर आहेस, माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेस, म्हणून द्यायचा. वागणुकीवर द्यायचा असता तर कागद वाचला असता. गुडघा कसा आहे? डॉक्टरच्या गोळ्या घेत असशील असं मी धरून चालत नाही. मी बरी आहे. तुझ्या पुतण्याने, ज्युडने, मला इथे आणल्याला दीड वर्ष झालं, तेवढ्यात घाम म्हणून आलेला नाही. (घाम यायला आधी लिफ्टने चौदा मजले खाली जावं लागतं.) चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुका काढत बसू नकोस.

पत्राला कारण ती कॅसेट. लोपिसांच्या लग्नात हे आणि तू, तुम्ही दोघं भाऊ मांडवात गायलात, तीच. ज्युडने ती मोबाइलमध्ये भरून घेतली आहे आणि ऑफिसला जाता-येता गाडीत लावतो. तुमचा काका बोटीवरून त्या जुन्या अमेरिकन भावाभावांच्या तबकड्या घेऊन आला आणि तिथून तुम्ही दोघं बिघडलात. एक गिटार, एक मेंडोलिन आणि एकाच माइकपुढे गालाला गाल लावून उभे. (मांडववाल्याकडे माइकच एक होता. माझी नात क्लेअर सांगते, ते अमेरिकन भाऊही असेच उभे राहायचे. म्हणजे मांडववाले सगळीकडे सारखेच.) गाणी तरी कसली, तर एक आई मेल्याचं, एक दारू सोडल्याचं, एक नदीकाठी बाईला मारल्याचं, आणि ते सगळं अशा गोड आवाजात की माणसं डुकराच्या इंद्यालबरोबर पाव खाता खाता माना डोलवत होती. इंग्रजी निम्मं कळत नव्हतं ते बरं होतं.

मागच्या महिन्यात एका दुपारी मी ते मोबाइलवर लावलं आणि बाल्कनीत बसून राहिले. बाहेर पांढरं धुळकट ऊन, समोरचे टॉवर अर्धे दिसतात अर्धे नाहीत, आणि त्यात तुमचे दोन आवाज. तुम्ही एका सायकलवरून पापडी गावच्या बाजाराला यायचात, हे पेडल मारताहेत आणि तू दांडीवर. लांबून वाटायचं चार पायांचा एक माणूस येतोय. तसं ते गाणं. एक आवाज वर जातो, दुसरा खाली राहतो, मध्येच कधी जागा बदलतात ते कोणाला कळत नाही. आणि दोन्ही अगदी लागून चालले की त्यांच्याही वर तिसराच कोणी बारीक गुणगुणतोय असं वाटतं. तो कोण, ते मी लग्नाआधी विचारलं होतं, उत्तर अजून आलेलं नाही. ऐकता ऐकता मी कुठे गेले कुणास ठाऊक, भात करपला. सूनबाई सुझी काही बोलली नाही, पण तिचं न बोलणं चौदाव्या मजल्यावरून खालपर्यंत ऐकू गेलं असेल.

आता मुद्द्याचं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तुझ्या भावाने मला एकट्याने कधी गाऊन दाखवलं नाही. म्हटलं की म्हणायचे, अर्धं ऐकून काय करशील? आता माणूसच गेला, आणि त्यांचा गाण्याचा आवाज एकटा असा मी ऐकलेलाच नाही. म्हणून क्लेअरला सांगितलं (तिचं ऑफिसातलं काम आवाजाचंच आहे), ह्यातून तुझे आजोबा तेवढे वेगळे काढून दे. "इझी, ग्रॅनी," म्हणाली. तिच्या कॉम्प्युटरने गिटार काढली, मेंडोलिन काढलं, मांडवातलं कुत्रं काढलं, फादरांचा खोकला काढला. उरलात तुम्ही दोघं. तीन शनिवार खपली पोरगी, तरी मशीनचं एकच म्हणणं, इथे एक माणूस गातोय. शेवटी तिने मला विचारलं, आजोबा वरचे की खालचे? मी ठसक्यात सांगितलं, वरचे. पुढच्या ओळीला सांगितलं, खालचे. मग शेजारच्या बानूला बोलावलं. ती रत्नागिरीची, कानाची तिखट. डोळे मिटून सगळं गाणं ऐकलं आणि म्हणाली, "माणूस एकच आहे गं, पण दोन मनांचा." वर चहा पिऊन गेली.

तू तर मयतीपासून तोंड मिटून बसलायस. त्या दिवशी गिटार घेऊन आलास, मांडीवर ठेवलीस आणि तशीच परत नेलीस. लोक म्हणाले दुःख. मी म्हटलं आळस. बाकी सगळं ठीक.

तुझी वहिनी,
क्रिस्टिना

ता. क. काम लिहायचं राहिलंच. त्या कॅसेटमधलं एक गाणं, तुझ्या वाटणीचं तेवढंच, फोनमध्ये एकट्याने गाऊन क्लेअरला पाठव. कॅसेटमधून तू वजा झालास की उरेल तो माझा नवरा. वर कोण, खाली कोण, ते निदान तुला तरी माहीत असेल.

आणखी ता. क. हे क्लेअरला वाचून दाखवलं. ती म्हणते, असं वजा होत नसतं; तेव्हाचा गळा वेगळा, आताचा तुझा म्हातारा आवाज त्यावर बसायचा नाही. म्हणजे काही उपयोग नाही.

तरी पाठव.