सहलीतले एक गृहस्थ

११ फेब्रुवारी

प्रिय भोपळ्यास अनेक आशीर्वाद,

इतके दिवस पत्र नाही, माफ कर. तू बंदराबंदरात टपालाची वाट बघत असशील आणि कंपनीचा माणूस रिकाम्या हातानं येत असेल. कारणं सांगायची तर आहेत. कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा झाल्या, प्रयोगशाळेतला गॅस दोनदा बंद पडला, तुझ्या भावजींचा गुडघा पुन्हा दुखायला लागला. सगळी खरी आहेत. तरी मी रोज माझ्या वहीत चार ओळी लिहीत होते, म्हणजे हात मोडला नव्हता.

तर आपण बाबांना दिलेल्या भेटीचा वृत्तांत. पंचाहत्तरीला बाबांना काय द्यायचं यावर आपण किती डोकेफोड केली होती! तुझीच कल्पना जिंकली. सकाळी विमानानं जायचं, दिवसभर गाइडबरोबर जुन्या शहराचे अवशेष बघायचे आणि संध्याकाळी विमानानंच परत. ज्या शहराबद्दल त्यांनी जन्मभर शाळेत शिकवलं, ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघायचं. आदल्या दिवशी ते गावाहून माझ्याकडे आले ते निरोपसमारंभाचा कोट घालूनच. कोट आता खांद्यावरून ओघळतो. विमानात त्यांनी पट्टा इतका आवळला की हवाईसुंदरीनं येऊन सैल केला, तेव्हा ते तिला म्हणाले की सैलच ठेवायचा तर बांधायचा कशाला.

त्यांना खिडकीची जागा मिळाली होती. खाली नदी दिसली तेव्हा ते काचेला नाक लावून बसले. शहर फार मोठं आहे. वेस, बुजलेलं तळं, आणि तो खांबांचा दरबार, ज्याचं चित्र आपल्या जेवणाच्या खोलीत होतं. ऊन कडक होतं. गाइडबाईंचा घसा बसला होता, पण माहिती चोख. बाबांनी त्यांना मधूनमधून टोकलं. तू त्यांना ओळखतोसच, ते गप्प कसे बसतील? परतताना बसमध्ये त्यांनी माइकसुद्धा मागून घेतला. योगायोगानं आमच्या नव्या प्राचार्यबाईही त्याच सहलीत होत्या. परतीच्या वाटेवर विमानातून सूर्यास्त फार सुंदर दिसला.

एकूण सहल छान झाली. बाबांची खोली रंगवून तयार आहे. पुढच्या महिन्यात ते कायमचे इकडे यायचे, असं ठरलंच आहे.

जपून राहा. डेकवर अनवाणी फिरू नकोस. माया आहे ती दोन्हीकडून टिकू दे.

तुझी,
ताई


४ मार्च, जहाजावरून

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र आणि बाबांचं पत्र एकाच पिशवीतून आलं. मी दोन्ही इंजिनरूमच्या आवाजात वाचली, मग वर येऊन पुन्हा वाचली. ताई, तू लहानपणी गृहपाठ झाला नसला की वहीला कव्हर घालून दाखवायचीस. हे पत्र तसं वाटलं. राग मानू नकोस.

बाबांनी आठ पानं लिहिली आहेत. वेशीची रुंदी, तळ्याच्या पायऱ्या, गाइडबाईंचा घसा, सगळं आहे. मोटारींचे सुटे भाग विकणारा एक व्यापारी आहे, जो विमानात त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून घोरला. पण त्यात तू कुठे आहेस? सकाळी ताई आहे. परतल्यावर टॅक्सीत ताई आहे. मधे अख्खा दिवस ताई गायब. तू काय तिथल्या तळ्यात पडली होतीस?

दुसरं. तू म्हणतेस सूर्यास्त सुंदर दिसला. बाबा लिहितात की सूर्यास्त चांगला होता असं नंतर लोकांकडून कळलं. खिडकी त्यांना मिळाली होती ना? मग सूर्यास्त घोरणाऱ्या व्यापाऱ्याच्या पलीकडे कसा गेला?

तिसरं म्हणजे खरं कारण, ज्यासाठी हे पत्र ताबडतोब टाकतोय. आठव्या पानावर, अगदी तळाशी, त्यांनी लिहिलंय की ताईकडे राहायला जाण्याचा बेत रद्द. आहे तिथे बरं आहे, ताईची उगीच अडचण नको. बस्स. गेल्या वर्षी ते अंघोळीला गेले असताना पडले आणि शेजारच्यांना दुपारी कळलं, हे तुला आठवतं ना? मी समुद्रात, तू तिकडे, आणि ते एकटे त्या घरात. फोनवर विचारावं तर ते ऐकू येतंय का, ऐकू येतंय का म्हणतात आणि ठेवून देतात.

काय झालं ते मला सांग. मी रागावलो तरी पोहत येऊन मारणार नाही.

भावजींना सांग, गुडघ्याला आराम द्या आणि बायकोला बोलतं करा. एवढं केलंत तर पुढच्या सुट्टीत तुमच्या घरचं सगळं न कुरकुरता खाईन.

तुझाच,
भोपळ्या


२३ मार्च

प्रिय भोपळ्या,

तुझं पत्र मी तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. कव्हरची उपमा बरोबर आहे. मी एकही वाक्य खोटं लिहिलं नव्हतं, आणि सगळं पत्र खोटं होतं.

दरबारात झालं ते. गाइडबाईंनी सांगितलं की नव्या उत्खननानंतर हा दरबार नसून तबेला होता असं ठरलंय. बाबांनी छत्री रोखली आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, हा दरबारच आहे. त्या शांतपणे पटवत होत्या, बाबा दर वाक्याला छत्री पुढे करत होते. लोक उन्हात उभे. कोणीतरी म्हणालं, आजोबा, राजे गेले, घोडे गेले, आम्हाला तरी वेळेवर जाऊ द्या. सगळे हसले. माझ्या शेजारी प्राचार्यबाई होत्या, आमची गाठ नुकतीच तिथे पडली होती. त्यांनी हसत, हळूच विचारलं की हे गृहस्थ कोणाबरोबर आलेत, कोणीतरी आवरायला हवं.

मी म्हटलं, माहीत नाही, एकटेच आले असतील.

लोक पुढे सरकले होते. बाबा मात्र मागे राहून खांब बघत होते, आणि काहीतरी दाखवायला मला बोलवायला आले होते. ते माझ्या अगदी मागे उभे होते. मी वळले तेव्हा त्यांचा हात माझ्या कोपरापाशी होता. तो त्यांनी मागे घेतला. मग म्हणाले, बाई, जरा वाट देता का, आणि पुढे गेले.

त्यानंतर दिवसभर त्यांनी मला ओळख दाखवली नाही. रागानं नाही रे. रागानं असतं तर मी सहन केलं असतं. त्यांनी माझं खोटं सांभाळलं. मी पाण्याची बाटली दिली तर, आभारी आहे, म्हणाले. जेवायला त्या व्यापाऱ्याच्या टेबलावर बसले. त्यानं घरी कोण असतं विचारलं, तेव्हा मुलगी असते पण ती फार कामात असते, असं सांगितलेलं मी ऐकलं. परतीच्या विमानात आमच्या जागा शेजारी होत्या. त्यांनी आपली खिडकी प्राचार्यबाईंना दिली. म्हणाले, तुम्ही दोघी ओळखीच्या दिसता, बसा गप्पा मारत. मी सूर्यास्त बघितला तो बाईंच्या खांद्यावरून. विमानतळाबाहेर ते खांबाआड थांबून राहिले. बाईंची गाडी गेल्यावर टॅक्सीपाशी आले आणि म्हणाले, आता बसायला हरकत नाही ना?

माइकवर ते काय बोलले मला ठाऊक नाही. मी कानात बोटं घातली होती असं नाही, पण खिडकीबाहेर बघत मनात पाढे म्हणत होते.

मी का म्हटलं तसं? विभागप्रमुखाची जागा आहे, ती बाईंच्या हातात आहे. पण त्या क्षणी ती डोक्यातही नव्हती. असती तर निदान स्वार्थ तरी म्हणता आला असता. मला फक्त लोक हसताना त्यांच्या बाजूला उभं राहायचं नव्हतं. पंचेचाळिशीची बाई, आणि शाळेच्या फाटकाशी बापाला लांबूनच जायला सांगणाऱ्या पोरीसारखी वागले.

एवढ्यावर संपलं असतं तरी बरं. पुढच्या आठवड्यात बाईंनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सहलीची गोष्ट सांगितली. त्यात छत्रीवाले आजोबा आले. त्या काही दुष्ट नाहीत, गमतीनंच सांगत होत्या. आजोबा छत्री कशी धरायचे ते बाईंना नीट दाखवता येईना. आणि मी उठले आणि फूटपट्टी घेऊन दाखवलं. हुबेहूब. दिवसातला सगळ्यात मोठा हशा मला मिळाला. एक जण म्हणाली की तुला तर नाटकात घ्यायला हवं.

दरबारात तोंडातून निसटलं म्हणावं, तर फूटपट्टी शोधायला मला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं होतं.

आजच बाबांनाही पत्र टाकलंय. सगळं लिहिलंय, फूटपट्टीसुद्धा. क्षमा मागितली आहे आणि घरी या म्हटलंय. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. तू काय म्हणशील ते म्हण. उरलासुरला लोभ असेल तर तोही एवढ्यात आटवू नकोस.

ताई


१ एप्रिल

चि. ताईस अनेक आशीर्वाद,

पत्र पोचलं. फूटपट्टीचं वाचून राग आला, नाही असं लिहिणार नाही. दोन दिवस तुला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. मग छत्री घेऊन आरशासमोर उभा राहिलो. हसण्यासारखंच आहे. तुझी आई असती तर ती तुझ्याआधी हसली असती.

तुला त्या दिवशी बोलवायला आलो होतो ते खांबांना पडलेली भोकं दाखवायला. गुडघ्याएवढ्या उंचीवर आहेत, दोरांनी घासून आत गुळगुळीत झालेली. मी बोट घालून बघितलं. तिथे घोडेच बांधत होते. गाइडबाई बरोबर होत्या. मी इतक्या वर्षांत किती मुलांना तिथे राजाला सिंहासनावर बसवून दाखवलं! तीन स्नेहसंमेलनांत त्या दरबाराचं नाटक बसवलं. आणि मी राजाला घोड्यांच्या लिदीत बसवत होतो. तू मला ओळखत नाहीस म्हणालीस, नेमकी त्याच वेळी मला माझी ही चूक कळत होती. त्यामुळे नेमकी लाज कशाची वाटतेय ते मला बराच वेळ उमगेना. तुझ्यावर रागवायला मोकळा हात नव्हता.

माइक मागितला तो एवढंच सांगायला, की मी चुकलो, गाइडबाईंचं बरोबर आहे, आणि सगळ्यांचा वेळ घेतला त्याबद्दल दिलगीर आहे. वर्गात फळ्यावर चूक झाली तर ती वर्गातच, फळ्यावरच दुरुस्त करायची, मुलांना एकेकट्याला गाठून नाही, असा माझा शिरस्ता होता. त्या जुन्या मुलांना आता कुठे गाठू, हा प्रश्न आहेच. सहप्रवाशांना तरी गाठता आलं.

म्हणून सांगतो, माझी क्षमा मागू नकोस. मला तू काही खोटं सांगितलं नाहीस. मी कोणाचा बाप आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही, त्यांचं काय ते तू बघ.

येत नाही म्हटलं ते रुसून नाही. तुझ्याकडे तुझ्या कॉलेजातली माणसं येणार. मला गप्प बसता येत नाही, हे उघडच आहे. मग मी आतल्या खोलीत दार लावून बसायचं, की बाहेर येऊन पाहुणा म्हणवून घ्यायचं? एक दिवस मी ते केलं. रोज मला जमणार नाही, आणि तुलाही जमू नये असं वाटतं.

प्रकृती ठीक. जावईबापूंच्या गुडघ्याला शेक द्यावा. लिहीत जा. न लिहिल्यास मी आठ पानी पाठवीन, ही धमकी समजावी.

बाबा


६ एप्रिल

प्रिय भोपळ्या,

बाबांचं पत्र सोबत पाठवते आहे. वाचून परत पाठव, मला हवं आहे.

मी काल दिवसभर पळवाटा शोधल्या, त्या तुला सांगते म्हणजे तू तरी हसशील. आधी ठरवलं की बाईंना त्यांच्या खोलीत एकटीनं जाऊन सांगावं. त्या समजूतदार आहेत, म्हणतील, अगं असू दे, आणि गोष्ट दाराआड संपेल. मग वाटलं, एखाद्या मैत्रिणीला सांगावं, म्हणजे ती आपोआप सगळीकडे पसरवेल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. मग तुझ्या भावजींना विचारलं. ते म्हणाले की सगळ्यांसमोर हसवलंस, तेव्हा मला विचारायला आली होतीस का? आणि शेकाची पिशवी मागितली.

भीती वाटते, खोटं का बोलू? त्या सगळ्याजणी हातातले कप खाली ठेवतील. जी मला नाटकात घ्यायला हवं म्हणाली होती ती मान खाली घालेल. म्हणजे माझ्याबरोबर त्यांनाही लाज वाटायला लावणार, हा त्यांच्यावर अन्यायच. पण हीसुद्धा पळवाटच आहे, हे लिहिताना कळलं.

विभागप्रमुखाचं काय व्हायचं ते होईल. बाबांना मी आधी काही कळवलेलं नाही. आधी कळवलं तर तो सौदा होईल, मी सांगते, तुम्ही या. आणि सांगूनही ते आले नाहीत तर? तर खोली तशीच राहील आणि दर रविवारी मीच गावी जाईन. ते यावेत म्हणून सांगतेय का, असं स्वतःला विचारलं. हो, त्यासाठीही. पण ते येणार नाहीत असं कोणी लिहून दिलं तरी सांगावंच लागेल.

तुझं जहाज कुठल्या बंदराला लागतंय ते कळव. माझ्यावर रागावला असशील तर राग ठेव, पण पत्र थांबवू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. हे कागदावर असू दे, म्हणजे मागे फिरता येणार नाही. उद्याचं काम: मधल्या सुट्टीत, सगळ्या चहाला बसलेल्या असताना, उभं राहून सांगणे की ते माझे वडील आहेत.