व्हर्नच्या फळीवरचा डावा पाय

३ एप्रिल २०२३, सोमवार

हॉवर्डचा फोन. "ग्लेनिस, व्हर्नचं काहीतरी करायला हवं." फोनवर नुसता पुटपुटतो हा माणूस, तीनदा विचारावं लागलं. व्हर्नचं काय करायचं? तो काय गळका नळ आहे?

म्हणे व्हर्न हल्ली ड्रम वाजवत नाही, बडवतो. वर ठेका मागे पडतो. ऑक्टोबरात आमच्या बँडच्या पहिल्या रेकॉर्डला तीस वर्षं होतात. इटलीतली एक छोटी कंपनी ती पुन्हा काढतेय, सोबत दोन नवी गाणी हवीत, आणि इथे लीड्समध्ये मोठा कार्यक्रम. "इतक्या वर्षांनी कोणीतरी बोलावतंय," हॉवर्ड म्हणाला, "तिथे लोहाराचं दुकान नको."

फोन आपटला. पण वहीत कशाला खोटं लिहू? मलाही कळलंय. व्हर्नला ऐकू येईनासं झालंय.

९ एप्रिल, ईस्टर

सणाच्या दिवशीही तालीम. आर्मलीच्या क्लबात, सकाळी, बिंगोवाल्या बायका यायच्या आत. व्हर्ननं बन आणि चीज आणलं होतं. त्याची आई गेली त्याला सहा वर्षं झाली, पण ईस्टरचा बन तो अजून तिच्याच पद्धतीनं करतो, कॅरिबियनमधल्या तिच्या नेव्हिस बेटावरचा, जड, मसाल्याचा. मला कडेचा तुकडा लागतो हे न विचारता माहीत आहे त्याला.

आज मुद्दाम त्याच्याकडे लक्ष ठेवलं. सगळं जुळतं. माझ्याशी बोलतो ते ओरडून, बहिरी माणसं बोलतात तसं. आणि वाजवताना सतत माझ्याकडे बघतो. पूर्वी डोळे मिटून वाजवायचा. आता माझ्या मानेकडे, बेस गिटारवरच्या माझ्या बोटांकडे टक लावून असतो, आणि मी समेवर आले की मग हाणतो. बिचारा! मला बघून ठेका धरतो. मी मुद्दाम मान जरा जास्त हलवली, त्याला दिसावी म्हणून.

माझा डावा पाय त्याच्या फळीवर होताच. १९९० पासून आहे. चॅपलटाउनच्या एका पबच्या माडीवर तालीम चालायची, तिथे हॉवर्डच्या ऑर्गनपुढे मला ड्रम ऐकूच यायचे नाहीत. एकदा वैतागून डावा बूट काढला आणि ड्रमखालच्या फळीवर पाय ठेवला. ठेका थेट टाचेतून वर आला. तेव्हापासून तीच रीत. जपानात तो बिनबुटाचा पाय बघून लोकांनी मला मोज्यांचे सतरा जोड दिले होते, दोन अजून नवे आहेत.

१६ एप्रिल

किटलीची शिट्टी बिघडली. तळ जळून काळा. नवीन आणायला हवी.

बेथ म्हणाली, "आई, टीव्ही रस्त्यावर ऐकू येतोय." मुलं मोठी झाली की आईला शिकवतात.

२७ एप्रिल, गुरुवार

रेकॉर्डिंग. वाईट दिवस.

व्हर्नला काचेच्या खोलीत बसवलं आणि मला बाहेर, कानांवर हेडफोन. पाय कुठे ठेवू? डावा बूट तरीही काढला, सवयीनं. गार फरशी.

आठ वेळा वाजवलं, आठही वेळा फसलं. बेस एकीकडे, ड्रम दुसरीकडे. पॅम सॅक्सोफोन मांडीवर घेऊन छताकडे बघत बसली, पस्तिशीतली असल्यापासून ती कंटाळली की असंच बघते. हॉवर्ड शेवटी म्हणाला, "हे कोणाचं चुकतंय?"

काचेतून व्हर्न माझ्याकडे बघत होता. मग त्यानं काठी वर केली. "माझं," तो म्हणाला. "मी मागे पडलो."

एवढा मोठा मनाचा माणूस! स्वतःहून कबूल केलं. मला रडूच यायला लागलं. चहा करायच्या निमित्तानं बाहेर गेले.

२८ एप्रिल

मी हॉवर्डला सांगितलं.

सांगायला नको होतं का? मला वाटलं, हट्टीपणा किंवा आळस समजण्यापेक्षा आजार समजलेला बरा. म्हणून म्हटलं, "त्याला ऐकू येत नाही रे. रागावू नकोस त्याच्यावर. लहानपणापासून कानांत कापसाचे बोळे घालतो, त्यानंच झालं असणार." ते बोळे त्याच्या आईनं लावलेले. शाळेच्या बँडमध्ये असताना तिची अट होती, बोळे नाहीत तर ड्रम नाहीत. आम्ही त्याला तीस वर्षं बोळेवाला म्हणून चिडवलं.

हॉवर्ड काहीतरी म्हणाला, मला नीट कळलं नाही. परत विचारलं. "मग त्याला थांबायला सांगू या," म्हणाला. "मँचेस्टरचा एकजण आहे, चांगला वाजवतो."

मी त्याला वाचवायला गेले होते.

१४ मे, रविवार

हॉवर्डनं व्हर्नला सांगितलं. क्लबच्या मागच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्यांपाशी. जगात दुसरी जागा नाही मिळाली. मी खिडकीतून बघत होते. हॉवर्डचे हात हलत होते, व्हर्न नुसता मान डोलावत होता.

परत आल्यावर त्यानं फळीवरचा जुना गालिचा गुंडाळायला घेतला. मी जाऊन म्हटलं, "मी सांगितलं त्याला. तुझ्या कानांचं. मी."

"माहिती आहे," तो मोठ्यानं म्हणाला. पार बिंगोवाल्या बायका वळून बघायला लागल्या.

"चिडला नाहीस?"

"तुझ्यावर चिडून कधी काही फायदा झालाय, ग्लेन?"

माझ्या कानात काही खोट नाही असं एकदाही म्हणाला नाही. ना हो, ना नाही. मी त्याला मिठी मारली. कानातला बोळा माझ्या गालाला लागला.

२० मे

जुने फोटो काढून बसले. बेथनं डब्यावर लिहिलंय, 'स्लो केटल'. आमच्या बँडचं नाव. पबच्या माडीवरची किटली उकळायला वीस मिनिटं लागायची, तोवर एकच चाल घोळवत बसायचो. चहा झाला की गाणं संपलं. सगळी पहिली गाणी अशीच झाली. लंडनच्या बँडवाल्या पोरांकडे भारी कपडे होते, आमच्याकडे किटली होती.

एका फोटोत ओसाका, १९९५. व्हर्नचे केस केवढे! नंतर १९९८ चं, तेव्हाच्या रेकॉर्ड कंपनीचं पत्र, आम्हाला काढून टाकल्याचं. त्यातही माझं नाव चुकवलंय. त्या आठवड्यात सगळे पांगले. हॉवर्ड पियानो दुरुस्त करायला लागला, पॅम शिकवायला, मी शाळेच्या स्वयंपाकघरात. व्हर्न बस चालवायला लागला. त्याची बस आमच्या दारावरून जायची, आणि जाताना तो हॉर्नवर आमच्या पहिल्या गाण्याचा ठेका वाजवायचा. मी ओट्यापाशी असेन तिथून बाकीचा पुरा करायची, पातेल्यावर. प्रवाशांना काय वाटत असेल कोण जाणे. अकरा वर्षं चाललं हे, आम्ही पुन्हा एकत्र वाजवायला लागेपर्यंत.

माझं लग्न मोडलं तेव्हासुद्धा हॉर्न चुकला नाही. हे त्याला कधी सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं.

त्या मँचेस्टरवाल्याबरोबर मी वाजवणार नाही. हॉवर्डला उद्या कळवते.

२१ मे

कळवलं. हॉवर्ड म्हणतो, भावनेच्या भरात बोलू नकोस. मी म्हटलं, मग कशाच्या भरात बोलू?

पण एक गोष्ट ठरली. व्हर्ननं कान तपासून घेतले, यंत्र लावलं आणि पुन्हा नीट वाजवायला लागला, तर ऑक्टोबरात तोच बसेल. एवढं मी हॉवर्डकडून वदवून घेतलं.

४ जून, रविवार

व्हर्नच्या घरी गेले. डाळिंबी रंगाचं सरबत केलं होतं त्यानं, सॉरेलचं, म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं. ते नाताळात करायचं, पण माझ्यासाठी कधीही करतो. दोन ग्लास प्याले आणि विषय काढला. वाटलं होतं उठून जाईल. पुरुष चष्मा लावायला तयार होत नाहीत, हा कानाचं यंत्र कसला लावतोय?

तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "येतो."

"खरंच?"

"एका अटीवर. तूही तपासून घ्यायचे. माझ्याबरोबर, त्याच दिवशी."

"मला काय धाड भरलीय?"

"मग घाबरतेस कशाला?" वर हसला. "मला एकट्याला लाज वाटेल गं. तूही बसलीस तर बरं वाटेल."

एवढंच ना? त्याच्यासाठी मी काय, दातही काढून घेतले असते. हो म्हटलं. त्यानं लगेच खिशातून चिठ्ठी काढली. बुधवार, साडेदहा. दोघांच्या नावानं वेळ आधीच घेऊन ठेवली होती! तारीख बघितली, नोंदणी मार्चमधली. म्हणजे हॉवर्डच्या फोनच्याही आधीची. गरीब बिचारा, किती दिवस हे मनात घेऊन हिंडत असेल.

७ जून, बुधवार

व्हर्नचे कान उत्तम आहेत. तपासणारी बाई म्हणाली, या वयाच्या ड्रम वाजवणाऱ्याचे असे कान तिनं पाहिले नाहीत. आईचे बोळे.

माझा उजवा कान निम्मा गेलाय. डावा जवळजवळ पूर्ण. डावा म्हणजे त्याच्या ड्रमवरच्या झांजांच्या बाजूचा.

बाहेर बाकावर बसलो. विचारलं, कधीपासून माहीत होतं? दोन वर्षं, म्हणाला. तू मागे पडायला लागलीस, म्हणून तुझी बोटं बघून मारायला लागलो. जोरात मारायचो, कारण फळीतून तरी तुझ्या पायाला कळावं. त्या दिवशी मी काचेच्या आत बसलो तेव्हा तुझ्या पायाखाली फळी नव्हती, तुला ठेका कळेना, म्हणून चूक माझी म्हटलं. "माझ्याच झांजांनी खाल्ला ना तुझा कान," म्हणाला आणि तोंड फिरवलं.

मी तिथल्या तिथे हॉवर्डला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो पुटपुटत नव्हता, कधीच पुटपुटत नव्हता. व्हर्न शेजारी बसून त्याचं एकेक वाक्य मला मोठ्यानं परत सांगत होता.