तीन नंबरच्या टाकीची नोंद

३ फेब्रुवारी
आज कुरकुंभला रुजू झाले! औषधांना लागणारी रसायनं बनवणारा कारखाना. पाबळला शिकताना हातात आलेला एकही जुना कॉम्प्युटर बंद ठेवला नाही, हेच मुलाखतीत सांगितलं आणि तेच कामी आलं. दौंडला खोली घेतलीय. रेल्वेच्या घोषणा थेट उशाशी येतात. आईने एव्हाना गावी, केंदूरभर सांगितलं असणार. पहिलं काम: साफसफाईला टाकीत कोण उतरलं, कधी बाहेर आलं, याची नोंद ठेवणारा विंडोज ९८चा कॉम्प्युटर. चौदा वर्षं बंद. तपासणी येतेय, मॅनेजर सत्यजीतसरांना जुन्या नोंदी हव्यात.

४ फेब्रुवारी
कॉम्प्युटर चालू झाला, पण नोंदींची डिस्क त्याला दिसतच नाही. ती एका वेगळ्या कार्डावर जोडलीय, आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्क कशी वाचायची हे कॉम्प्युटरला सांगणारा प्रोग्रॅम, उडालाय. नेटवरून तीन उतरवले. दोन भलत्याच मॉडेलचे, तिसऱ्याने स्क्रीन निळा. मजा येतेय. दुपारी झाडलोट करणाऱ्या धुरपदामावशी डोकावल्या. गाव कुठलं, आई काय करते, सगळं विचारलं, डब्यातली शेंगदाण्याची चटणी दिली. मग हळूच म्हणाल्या, "गौतमी पोरी, ह्यात आमच्या ह्यांचं नाव निघंल का गं?" त्यांचे यजमान सोपानराव चौदा वर्षांपूर्वी तीन नंबरच्या टाकीत गुदमरून गेले. कंपनी म्हणते, ते त्या दिवशी कामावर आलेच नव्हते.

६ फेब्रुवारी
सापडला! कार्डावरच्या चिपचा नंबर भिंगातून वाचला, त्यावरून ड्रायव्हर मिळाला. फ्लॉपीवरून टाकला, रीस्टार्ट केलं, डिस्क दिसली. शेवटची ओळ: सोपानराव, टाकी ३, आत १०.४०. बाहेरचा रकाना कोरा. मावशींना दाखवलं. रडल्या नाहीत. ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हाय की. आन् हे म्हणत्यात, आलाच न्हवता."
ती ओळ पाहिल्यावर सरांनी डिस्क पुसायला सांगितली. मी हो म्हणाले. पुसली नाही. नोंदींची कॉपी फ्लॉपीवर घेतली.

९ फेब्रुवारी
सकाळी दहाला सोपानरावांच्या खाली नवी ओळ. सुमित, टाकी ३, आत ११.१५. तारीख आजची. कॉम्प्युटर कशालाच जोडलेला नाही, खोलीची किल्ली माझ्याकडे. वाटलं, ड्रायव्हरच काहीतरी गोंधळ घालतोय. सुमित ऑपरेटर आहे. सकाळीच त्याने लग्नाची पत्रिका दिली होती. सांगायला जावं असं एकदा वाटलं. तो हसेल म्हणून गेले नाही.
साडेअकराला भोंगा झाला. त्याला वर काढलं तेव्हा श्वासच—
मला दहालाच माहीत होतं.

१० फेब्रुवारी
ड्रायव्हर काढला. डिस्क दिसायला नको. दिसते. केबल उपसली. तरी नोंद उघडते. हे होऊच शकत नाही. होतंय.

१२ फेब्रुवारी
धुरपदा. टाकी ३. आत १२.०५.
धावत सुटले. सरांनी त्यांना तपासणीआधी तीच टाकी धुवायला पाठवलं होतं. हात धरून गेटबाहेर आणलं, रिक्षात बसवलं, फ्लॉपी त्यांच्या पदरात बांधली. ही वकिलाला दाखवा म्हटलं. रिक्षातून त्यांनी माझा हात ओढला. म्हणाल्या, "तू बी चल." म्हटलं, डिस्क काढून आलेच. मूळ नोंद पुसायला माणूस येतोय, असं सरांच्या केबिनबाहेर ऐकलं होतं.

११.५०
मावशींचं नाव गेलं. सुटल्या. ओळ मात्र तिथंच. तीच वेळ. नाव—
गौतमी.
मी टाकीजवळ जाणारच नाहीये. मग कशी—
डिस्क पिशवीत टाकलीय. स्क्रीन चालूच. प्लग काढला. चालूच.

१२.०१
बाहेरून हाक येतेय. सुमितचा आवाज. म्हणतो, आत अजून एक माणूस आहे, शिडी धर — नाही. ऐकायचं नाही. सरळ गेटकडे.

१२.०३
दार उघडलं. बाहेर रस्ता नाही. लोखंडी शिडी, खाली अंधार, आणि टाकीतला तो उग्र वास. वळले तर खोली नाही. पाठीशी गोल, ओली भिंत. हातात वही तेवढी आहे. मी उतरत नाहीये. एक पायरीसुद्धा नाही. पण वरचं उजेडाचं वर्तुळ लहान होत चाल