सरचं ‘समोर’

मंगळवार, संध्याकाळ

डोकं तापलं आहे. पुण्याहून आलेल्या फुटबॉलच्या सरनं आज अख्ख्या टीमदेखत मले बिनडोक म्हटलं.

आठवडाभर त्यानं एकच शिकवलं: बॉलच्या मांगं पळू नका, आपली जागा राखा. बाकीच्या पळतच राह्यल्या. मी शिकली. आज रोहिणखेडच्या पोरींशी मॅच. मी गोलजवळ माझ्या जागेवर उभी होती. तो बाहेरून ओरडला, “समोर! समोर!” मी धावत समोर गेली. मांगं जागा रिकामी, झाला गोल.

“त्यांची मुलगी तुझ्या समोर आली, हे सांगत होतो. तू पुढे कशाला गेलीस, बिनडोक?”

“सर, आमच्याकडं समोर म्हणजे पुढंच.”

“मग आधी मराठी शिक. रविवारच्या मॅचला बाहेर बस.”

काऊन बसू बाहेर? एसटीचा कंडक्टर “समोर सरका” म्हणतो, तं सारी गाडी पुढं सरकते. ते सारे बिनडोक?

उद्या प्रॅक्टिसले म्हणू दे त्याले समोर. जाईन मी समोर, पार त्याच्या नाकासमोर. आणि मंग जागा सोडणार नाही.